वीट कितपत मऊ?

मराठीत पुस्तकांची परीक्षणं पुष्कळ होतात, म्हणींची होत नाहीत. म्हणीला लेखक नसतो, त्यामुळे परीक्षण वाचून कुणी रागावत नाही आणि कुणी चहालाही बोलवत नाही. तरीही ‘दगडापेक्षा वीट मऊ’ या तीन शब्दांच्या ग्रंथाचं परीक्षण व्हायलाच हवं होतं. साहित्याचे प्राध्यापक पुढे येईनात, म्हणून हा कॉमर्सवाला बसला आहे. त्यातल्या त्यात बरा, असं समजून वाचावं.

आधी गुण सांगतो. आकार आटोपशीर, भाषा सोपी, पात्रं दोनच. पण मजकुरात एक मोठी उणीव आहे. वीट मऊ हवी ती कशासाठी, हे कुठंच सांगितलेलं नाही. डोक्याखाली घ्यायची असेल, तर उशी का नको? डोक्यात पडणार असेल, तर ती मऊ असल्याचं समाधान मानायला डोकं जाग्यावर राहायला हवं. आणि भिंत बांधायची असेल, तर मऊ वीट कोणता गवंडी हातात धरील?

तरी म्हण खपते. भाजीबाजारात दोन्ही ढिगांतली भेंडी जून असते, आपण कमी जून असलेली घेतो. नगरहून पुण्याला जाताना एका गाडीत जागा नसते आणि दुसरीत असते ती नेमकी न लागणाऱ्या खिडकीपाशी. आपण गारठत, पण बसून जातो. मुलाची शाळा असो की मुलीचं स्थळ, ‘कसं आहे?’ या प्रश्नाला ‘बरं आहे’ हेच उत्तर. ‘चांगलं’ हा शब्द आपण फक्त दुसऱ्याच्या घरचा चहा पिताना वापरतो.

या म्हणीचा खरा कस पाहायचा, तर नगरच्या, म्हणजे 2024 पासून अहिल्यानगर झालेल्या गावच्या, भुईकोट किल्ल्याकडे जावं. 1595 च्या अखेरीस शाहजादा मुरादच्या मोगल फौजेनं त्याला वेढा घातला. सुरुंगानं तट फुटला, तो चांदबिबीनं रातोरात बुजवून घेतला. शेवटी 1596 मध्ये तह झाला. वऱ्हाड मोगलांना, नगर निजामशाहीला. वऱ्हाड म्हणजे काही पावशेर भेंडी नव्हे, अख्खा मुलूख! पण काय जातंय आणि काय राहतंय, हा हिशेब बाईंपाशी चोख होता. 1600 मध्ये मोगल पुन्हा आले. ती पुन्हा तहाचा विचार करते आहे म्हटल्यावर फितुरीच्या संशयानं तिच्याच लोकांनी तिला ठार केलं. त्यांना वीट नको होती. थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

आणि आपण काय करतो? गावाबाहेरच्या डोंगरावरच्या इमारतीला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतो. ती आहे सलाबतखानाची कबर! महालाच्या बाबतीतही जे उभं होतं, त्यावरच भागवलं.

विटांना कंटाळलेल्या मतदारासाठी 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मतदानयंत्रावर ‘नोटा’चं बटण आलं. मात्र सगळ्यांत जास्त मतं त्या बटणाला पडली, तरी त्याच्या खालोखालचा उमेदवार विजयी! नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य निवडणूक आयोगानं स्थानिक निवडणुकांसाठी हुकूम काढला की नोटा हा काल्पनिक उमेदवार मानावा, आणि तो पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यावी. पुढच्याच महिन्यात नगर आणि धुळे महापालिकांच्या निवडणुका या नियमाखाली झाल्या. हुकमात पुढं असंही होतं की फेरनिवडणुकीतही नोटाच पहिला आला, तर हाडामांसाच्या उमेदवारांतला पहिला विजयी. म्हणजे दगड आणि वीट दोन्ही एकदा परत पाठवता येतात, दुसऱ्या खेपेला वीट घरी न्यावीच लागते. नगरात तेवढी वेळ आली नाही. 68 जागांत कुणालाच बहुमत मिळालं नाही आणि महापौरपद तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाकडं गेलं. मतदारानं पसंत केलेली वीट एक, टेम्पोतून उतरली ती दुसरी.

आमच्या बँकेत सस्पेन्स नावाचं एक खातं असतं. एखाद्या रकमेचं खरं खातं चटकन सापडलं नाही, की ती तात्पुरती तिथं टाकायची. मोठी सोय आहे. पण ऑडिटर येतो आणि एकेका नोंदीवर बोट ठेवून विचारतो, “ही इथं कधीपासून?” मग सगळ्यांची पळापळ होते. आपल्या म्हणीत नेमका हा ऑडिटर नाही. तात्पुरती म्हणून उशाला घेतलेली वीट वीस वर्षांनी तिथंच असते, आणि पाहुणे आले की आपण तिला अभ्रा घालतो.

पुंडलिकानं विठोबाकडं वीट फेकली, ती मऊ म्हणून नव्हे. हातातली आईवडिलांची सेवा त्याला सोडायची नव्हती. चांदबिबीला नगर राखायचं होतं. काय राखायचं ते ज्याला ठाऊक आहे, त्यानं विटेवर जरूर भागवावं. आपण बहुतेक वेळा राखतो तो फक्त दुकानदाराशी भांडायचा त्रास.

एकूण, म्हण संग्रही ठेवावी, वापरताना तारीख घालावी. पुस्तकावर किंमत छापलेली नाही. ती वाचकाला मागाहून कळते.