कोठारातली माणसे: ‘द वॉकिंग डेड’चा एक भाग आणि १८९७ चा प्लेग

‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकी मालिकेच्या दुसऱ्या पर्वातील सातवा भाग २७ नोव्हेंबर २०११ रोजी प्रथम दाखवला गेला. लेखन स्कॉट गिंपल यांचे, दिग्दर्शन मिशेल मॅक्लारेन यांचे. ‘प्रिटी मच डेड ऑलरेडी’ हे त्याचे शीर्षक. मराठीत त्याला नेमका शब्दप्रयोग आहे: ‘मेल्यात जमा’. झोंबीपटांकडे गांभीर्याने पाहण्याची आपल्याकडे रीत नाही. रक्त, किंकाळ्या आणि डोक्यात गोळी, एवढ्यात विषय संपतो. या भागात मात्र असा एक प्रश्न आहे, जो पुणे-चिंचवड परिसराला नवा नाही. जिवंत माणूस मेल्यात जमा कधी धरायचा, आणि ते ठरवायचे कोणी?

कथा थोडक्यात अशी. जग बुडाले आहे. मेलेली माणसे उठून जिवंतांना चावत फिरतात आणि चावलेला माणूसही त्यांच्यातलाच होतो. रिक हा माजी पोलीस अधिकारी आपली छोटी टोळी घेऊन हर्शेल नावाच्या वृद्ध शेतकऱ्याच्या आश्रयाला आला आहे. टोळीतल्या कॅरलची लहान मुलगी सोफिया पर्वाच्या आरंभीच हरवली असून तिचा शोध चालू आहे. अशात कळते, की हर्शेलचे कोठार अशा ‘चालत्या’ प्रेतांनी भरलेले आहे. त्यांत त्याची बायको आहे, सावत्र मुलगा आहे, शेजारी आहेत. हर्शेल हा जनावरांचा डॉक्टर. त्याच्या लेखी ही माणसे मेलेली नाहीत, आजारी आहेत. आज ना उद्या औषध निघेल, तोवर त्यांना सांभाळायचे, एवढाच त्याचा हिशेब. टोळीतल्या शेनला हा शुद्ध वेडेपणा वाटतो.

शेन नुसता वाद घालत नाही, पुरावा देतो. हर्शेल आणि रिक दलदलीतून फासाच्या काठ्यांनी धरून आणत असलेल्या एका बाईच्या छातीत तो सर्वांदेखत एकामागून एक गोळ्या झाडतो. ती चालतच राहते. जिवंत माणूस हे सोसेल काय, असा त्याचा सवाल आहे. मग तो तिच्या डोक्यात गोळी घालतो आणि कोठाराचे दार फोडतो. आतले एकेक बाहेर येतात, टोळीतले ओळीने उभे राहून त्यांना टिपतात. हर्शेल गुडघ्यांवर बसून ते पाहत राहतो.

कथेच्या चौकटीत शेनचे म्हणणे खरे आहे. पहिल्या पर्वाच्या अखेरीस अटलांटातला एक शास्त्रज्ञ मृत्यूनंतर मेंदूचा फक्त तळाकडचा भाग पुन्हा चालू होतो हे दाखवतो; मूळ माणूस परत येत नाही. पुढच्याच भागात हर्शेलही हे कबूल करतो. म्हणजे निकाल लेखकाने आधीच लिहून ठेवला आहे आणि खटला नंतर चालवला आहे. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’पासून या प्रकाराचा हा पायाच आहे: समोरच्याला मारण्यावाचून गत्यंतर नाही, ही सोय प्रेक्षकाला आरंभीच करून दिलेली असते.

आपल्या लोककथांतील भुतांशी तुलना केली तर हा फरक लगेच ध्यानात येतो. मुंजा, हडळ, समंध यांना ठिकाण असते, पूर्वकथा असते, राहिलेली इच्छा असते. अंगात आले तर ‘तू कोण, तुला काय पाहिजे’ असे विचारतात. भुतांचा राजा वेताळ. त्याच्या नावाची टेकडी पुण्यात आहे आणि तिच्यावर त्याचे देऊळही आहे. आपले भूत भयंकर असले तरी त्याच्याशी बोलणे होऊ शकते. झोंबीला काही विचारण्याची सोय नाही. तो एकटा नसतो, नावाने ओळखला जात नाही, त्याचे गाऱ्हाणे नसते. हर्शेल या प्रकारात परका वाटतो तो यामुळेच. कोठारातल्या गर्दीकडे पाहताना त्याला नावे दिसतात.

शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मात्र हा भाग स्वतःच आखलेल्या खटल्याच्या बाहेर जातो. गोळीबार थांबतो. कोठारातून आणखी एक पाऊल बाहेर पडते. ती सोफिया असते. कॅरल धावत सुटते, डॅरिल तिला आवरतो. आणि ओळीतल्या एकाचीही बंदूक उठत नाही. शेनचीसुद्धा नाही. अखेर रिक पुढे होतो, पिस्तूल काढतो, भाग संपतो.

या शेवटाचा रूढ अर्थ असा, की रिकने कटू सत्य पचवले आणि तो खरा नेता झाला. मला तो अपुरा वाटतो. सोफिया झोंबी झाली आहे, याविषयी तेथे कोणालाही शंका नाही. पुरावा क्षणापूर्वीच सर्वांनी पाहिला आहे. तरी हात थांबतात. म्हणजे आजारी की मेलेले, हा वाद ज्ञानाचा नव्हताच. तो नात्याचा होता. जी माणसे हर्शेलची होती ती शेनला प्रेते वाटली. जी मुलगी टोळीची होती ती प्रेत आहे हे माहीत असूनही कोणाला प्रेत वाटेना. हर्शेल ज्या जागी इतके दिवस उभा होता, त्या जागी ही सारी ओळ त्या क्षणापुरती येऊन उभी राहते. भागाचे खरे बळ मला येथे दिसते.

आता पुणे. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकाशियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती पुण्याचा बंदोबस्त आला आणि १३ मार्चपासून गोरे सोजीर घरोघर झडती घेऊ लागले. आजारी दिसेल त्याला इस्पितळात, घरच्यांना छावणीत, सामान जाळायला. लोक रोग्याला घरात लपवू लागले. शहरभर हर्शेलची कोठारे झाली, असे म्हटले तरी चालेल.

पण साम्य येथे संपते, आणि ते कोठे संपते हे महत्त्वाचे आहे. शेनचा पुरावा पक्का होता. रँडच्या बंदोबस्तामागचे ज्ञान अर्धे होते. गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. म्हणजे ज्या वर्षी माणसे घरातून ओढून काढली जात होती, त्या वर्षी रोग कसा पसरतो हे ओढणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. ज्ञान अर्धे आणि अधिकार पुरा, अशी ती स्थिती होती. झोंबीपट हा मेळ उलटा करून दाखवतो: तेथे बंदूकवाल्याला सारे आधीच कळलेले असते. ही या प्रकाराची सर्वांत मोठी थाप आहे, आणि खऱ्या साथीच्या काळात ती घातक ठरू शकते.

लपवणे आणि ओढून नेणे यांखेरीज तिसरी वाटही त्याच वर्षी याच भागात होती. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्याच्या परिसरात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले, असे त्यांच्या चरित्रांत येते. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी, झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, त्यांचे निधन झाले. ध्यानात घ्यावे, की तो दवाखानाही वस्तीपासून दूरच होता. विलगीकरण तेथेही होते. फरक एवढाच, की दूर नेलेल्या रुग्णाबरोबर कोणीतरी गेले होते.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा १९७९ चा ‘२२ जून १८९७’ हा मराठी चित्रपट याच घटनेवर आहे. नावाप्रमाणेच त्याचा रोख त्या रात्रीवर आहे. आपल्या सामूहिक स्मृतीचाही तसाच आहे. गोळी घालणाऱ्यांची आणि गोळी लागलेल्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. ज्यांच्यावरून हे सारे घडले, त्या रोग्यांपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकतो? कोठाराची गोष्ट आपणही बंदुकीच्या बाजूनेच लक्षात ठेवली.

मराठी चित्रपटाने या विषयाला हात घातला तो आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’त, २०२२ मध्ये. उंच इमारत, तिच्या शेजारची वस्ती आणि पाण्याचा प्रश्न यांवर हा डोंबिवलीतला चित्रपट उभा आहे. त्यात विनोदाचा सूर पुष्कळ आहे आणि ‘द वॉकिंग डेड’ची धार त्याला नाही. पण एक गोष्ट तो अधिक नेमकी पकडतो. येथे रोग आकाशातून पडत नाही, पाण्यातून येतो. आणि पाणी कोणाला कसले मिळते, हे माणसेच ठरवतात. टँकरच्या वेळेवर दिवस लावणाऱ्या हिंजवडी-माणच्या रहिवाशाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा राज्यात १८९७ चाच कायदा लागू झाला. हिंजवडीतली कार्यालये ओस पडली, सोसायट्यांची फाटके बंद झाली. काल घरात पोळ्या लाटणारी बाई आज फाटकाबाहेरचा धोका ठरली. आणि परदेशातून परतलेला सोसायटीतला तरुण ‘आपला’ असल्यामुळे त्याच्यासाठी दारात डबा ठेवला गेला. दोघांच्या लागणीविषयी फाटकावरच्या माणसाला सारखेच माहीत होते, म्हणजे काहीच नाही. अंतर राखणे तेव्हा आवश्यकच होते. पण अंतराच्या पलीकडे कोणाला डबा पोहोचला आणि कोणाला नाही, ते विषाणूने ठरवले नव्हते.

म्हणून हा भाग पुन्हा पाहणाऱ्याला एक सुचवावेसे वाटते. शेवटच्या दृश्यात सोफियाची वाट न पाहता तिच्या आधी बाहेर पडणाऱ्यांकडे पाहावे. प्रत्येकाच्या अंगावर आजारी पडल्या दिवसाचे कपडे आहेत. कॅरलसारखे धावून जाणारे त्यांच्यासाठी तेथे एकच माणूस आहे, आणि तो गुडघ्यांवर बसलेला आहे.