‘चल’ आणि ‘अव्यक्त’ : अभियांत्रिकीपूर्व गणिताच्या भाषेविषयी

अभियांत्रिकीच्या पदवीकडे वळण्यापूर्वी मागे राहिलेले गणित भरून काढू पाहणाऱ्या हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थ्याची अडचण सामान्यतः इंग्रजी शब्दांची समजली जाते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्यास अकरावीच्या विज्ञान शाखेत गणित इंग्रजीतून वाचावे लागते. म्हणून ‘सहगुणक’, ‘वर्गसमीकरण’, ‘निश्चयक’ यांचे इंग्रजी पर्याय पाठ करविले की पूर्वतयारी झाली, असे मानण्यात येते. हा समज वरवरचा होय. शब्दांच्या जोड्या लवकर पाठ होतात. खरी तूट मराठीतच राहून गेलेली असते.

बालभारतीच्या, २०१८ साली निघालेल्या, दहावीच्या ‘गणित भाग १’चे पहिले प्रकरण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे आहे. त्यातील आलेखाच्या विवेचनात क्ष खरोखरच बदलतो. परंतु निश्चयकांची रीत येताच तोच क्ष शोधून काढावयाची एक ठरलेली संख्या बनतो. नाव मात्र ‘चल’च राहते. परीक्षेचा सारा भर या दुसऱ्या अर्थावर असल्याने विद्यार्थ्याच्या मनात ‘चल’ म्हणजे ‘काढावयाचे उत्तर’ असा अर्थ घट्ट बसतो. मग विकलनाशी गाठ पडताच तो गोंधळतो, कारण तेथे क्ष काढावयाचा नसतोच. तो बदलत असता य कोणत्या दराने बदलतो, हे पाहावयाचे असते.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अज्ञात राशीस ‘अव्यक्त’ म्हटले आणि ‘यावत्तावत्’, ‘कालक’, ‘नीलक’ अशी नावे योजिली. अव्यक्त म्हणजे असलेली, परंतु प्रकट न झालेली राशी. शालेय मराठीने ही संज्ञा समीकरणांपुरती राखली असती, तर ‘चल’ हा शब्द आपल्या खऱ्या अर्थासाठी मोकळा राहिला असता.

माध्यमाचा प्रश्न या भागास नवा नाही. हिंगोली निजामाच्या राज्यात असता, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. मराठीभाषकास तीही परकीच. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली, हे स्वागतार्ह खरे. तथापि माध्यम बदलल्याने ‘चल’चा हा गोंधळ मिटत नाही.

पूर्वतयारीच्या वर्गाने वरील प्रकरणातील आलेखाच्या पानांवरच अधिक काळ थांबावे. क्ष + य = ५ या समीकरणात क्ष १ असता य ४, क्ष २ असता य ३, क्ष ३ असता य २. क्ष एकाने वाढला की य एकाने घटतो. हा ऋण एक दर म्हणजेच विद्यार्थ्याच्या हाती आलेला पहिला विकलज होय, आणि तो दहावीच्याच पुस्तकात आहे.