न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पोलाद ‘कमकुवत’ होते?

अणुऊर्जेवरील सोप्या पुस्तकांत एक विधान हमखास भेटते. न्यूट्रॉनांच्या दीर्घकाळच्या माऱ्याने अणुभट्टीच्या पात्राचे पोलाद कमकुवत होते, असे ते विधान. शिक्षकांनी ते जसेच्या तसे वर्गात नेऊ नये. त्यातला ‘कमकुवत’ हा शब्दच दिशाभूल करतो.

दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन लोखंडाच्या अणूवर समोरासमोर आदळला, तर त्याला सुमारे सत्तर हजार देऊ शकतो. अणू जागेवरून उखडायला चाळीसेक पुरतात! एका टकरीत शेकडो अणू उखडतात. बहुतेक क्षणार्धात पुन्हा कुठल्या ना कुठल्या रिकाम्या जागी बसतात. उरलेल्या रिकाम्या जागांचे आणि भलतीकडे अडकलेल्या अणूंचे पुंजके बनतात. (पोलादात तांब्याचा अंश असला तर तोही बारीक कणांच्या रूपात साचतो.) या अडथळ्यांमुळे स्फटिकाचे थर सहज सरकत नाहीत. म्हणजे नुसते ताणून पाहिले, तर हे पोलाद पूर्वीपेक्षा बळकटच ठरेल. जातो तो चिवटपणा. ज्या तापमानाखाली पोलाद ठिसूळ होते, ते तापमानही वर सरकते.

म्हणून पात्रात त्याच पोलादाचे खाच पाडलेले तुकडे ठेवतात आणि काही वर्षांनी काढून हातोड्याच्या आघाताने तोडून पाहतात. फिनलंडमधील लोव्हिसा येथे १९९६ साली पात्राचा जोड चारशे अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापवून चिवटपणा बराचसा परत मिळवला गेला.

वर्गात तांब्याची मऊ तार वारंवार वाकवून दाखवावी. कारण वेगळे असले, तरी ती आधी ताठ होते आणि मगच तुटते.