गृहातुर

नॉस्टॅल्जियाला मल्याळममध्ये काय म्हणतात हे कळलं, की मराठी माणूस आधी थोडा हसतो. शब्द आहे ‘गृहातुरत्वम्’. घरासाठी आतुर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो तो फ्लॅटचा ताबा कधी मिळणार म्हणून बिल्डरच्या ऑफिसात खेटे घालणारा इसम. आपल्याकडे आतुर म्हणजे अधीर. कान आतुर होतात, भेटीला मन आतुर होतं.

मल्याळममध्ये मात्र आतुर माणूस आजारी असतो. बोलताना तिथले लोक ‘आशुपत्रि’ म्हणतात, पण इस्पितळाला लेखी, भारदस्त शब्द आहे ‘आतुरालयम्’, आणि रुग्णसेवेला ‘आतुरशुश्रूषा’. संस्कृतातही हा अर्थ आहेच; आयुर्वेदाच्या ग्रंथांत वैद्यासमोर येतो तो आतुर. मराठीनेही तो एका कोपऱ्यात जपून ठेवला आहे. मरणाच्या दारात घेतात तो आतुर संन्यास. त्यात संन्यासाची घाई नसते, देह हाताबाहेर गेलेला असतो. हे ध्यानात आलं की हसू मावळतं. गृहातुर म्हणजे घरापायी आजारी पडलेला.

मूळ शब्दही दुखण्याचं नाव म्हणूनच जन्माला आला. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. घराच्या ओढीने खंगणाऱ्यांसाठी लोकांच्या बोलीत ‘हाइमवे’ हा शब्द होताच, पण रोग म्हटला की त्याला ग्रीक नाव हवं. ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं, ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. दोन्ही जोडून त्याने नॉस्टॅल्जिया केला. त्याच्या प्रबंधात बर्नहून बासेलला शिकायला आलेला एक तरुण आहे. ताप हटेना, मरणाची वेळ आली. अखेर त्याला घरी न्यायचं ठरलं, तसा तो सावरू लागला आणि बर्न यायच्या आत बरा झाला. जोसेफ बँक्स कॅप्टन कूकच्या जहाजावरून १७७० मध्ये लिहितो तेव्हाही खलाशांची घरची ओढ ही वैद्यांच्या लेखी व्याधी आहे. विसाव्या शतकात आजार गेला, घरही गेलं. उरला तो गेलेल्या काळाचा हळवा लोभ. स्थळाचा शब्द काळाचा झाला.

मराठीने नॉस्टॅल्जिया घेतला तो या उतरत्या ताकदीचा. म्हणून आपला प्रतिशब्द ‘स्मरणरंजन’. शब्द देखणा आहे, पण त्यात दुखतं काय? आरामखुर्ची आहे, जुनी गाणी आहेत, चहा आहे. ‘गतकातरता’ जरा जवळ जाते, तरी तिची नजरही काळावरच. खरं तर आपल्याकडे ‘झुरणीला लागणं’ आहे: सासरी गेलेली पोर, बोर्डिंगात ठेवलेला मुलगा, बाजारात विकलेली गाय. पण प्रतिशब्द घडवायला बसलेल्या शहरी माणसाला गोठ्यातला शब्द कसा आठवावा!

मल्याळमने घर सोडलं नाही आणि दुखणंही सोडलं नाही. मला यात भाषांतरापेक्षा परतफेड दिसते. तिथे या शब्दाचा एक ठरलेला वापर आहे: ‘गृहातुरत्वम् उणर्त्तुन्न ओर्म्मकळ्’, म्हणजे गृहातुरत्व जागवणाऱ्या आठवणी. मराठीत आठवणी जाग्या होतात आणि गोष्ट तिथे संपते. मल्याळी वाक्यात आठवणी जाग्या होऊन दुसऱ्या कुणाला तरी उठवतात. दुखणं आत झोपलेलंच होतं, पावसाच्या वासाने किंवा ओणमच्या फुलांनी त्याला हलवलं. आज तिथेही जुन्या गोळ्या-चॉकलेटांपासून शाळेच्या दप्तरापर्यंत कशालाही हा शब्द लावतात, तरुण पोरं तर ‘नोस्टु’ म्हणून मोकळी होतात. शब्द झिजला, तरी ‘आतुर’ मधेच बसून आहे.

तो टिकला यात त्या समाजाचंही काही असावं. आखाताकडे माणसं पाठवत आलेला हा प्रदेश. तिकडे राबणारा तो ‘प्रवासी’. आपला प्रवासी एस.टी.तून उतरतो, त्यांचा वर्षानुवर्षं उतरतच नाही. संस्कृतातल्या प्रवासाचा, म्हणजे परमुलखात राहण्याचा, अर्थ त्यांनी शाबूत ठेवला आहे. ‘पत्तेमारी’ हा मामुट्टीचा २०१५ चा चित्रपट अशाच एका प्रवाशाचा. ज्या गलबताचं नाव त्याला दिलंय, ते कोकण किनाऱ्यालाही अनोळखी नाही. आणि मुंबई-पुण्याच्या इस्पितळांत पिढ्यान्‌पिढ्या रात्रपाळी करणाऱ्या मल्याळी परिचारिका? दिवसरात्र आतुरशुश्रूषा करायची आणि स्वतः गृहातुर असायचं. एकच शब्द रुग्णाच्या उशाशीही आणि नर्सच्या हॉस्टेलातही.

एक योगायोग सोडवत नाही. मल्याळमचा मोठा कोश ज्याने केला तो हेर्मान गुंडर्ट बासेल मिशनचाच. तलश्शेरीजवळ त्याने वीसेक वर्षं काढली, १८५९ मध्ये तो जर्मनीला परतला आणि कोश १८७२ मध्ये मंगळूरला छापून निघाला. ज्या गावात घराच्या दुखण्याला नाव मिळालं, त्याच गावच्या मिशनने धाडलेला हा माणूस मायदेशी बसून मलबारचे शब्द लावत होता. तेव्हा त्याला नेमकं कुठलं घर आठवत असेल?

बाकी बोलताना कुणी मल्याळी ‘मला गृहातुरत्व झालंय’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘नाट्टिल् पोणम्’. नाडु म्हणजे मुलूख, गाव, आपली माती. पोणम् म्हणजे जायला हवं. मल्याळम क्रियापदाला पुरुष-वचन नसतं, त्यामुळे कोण जाणार ते वाक्य सांगत नाही. आपण ‘गावाला जायचंय’ म्हणतो, त्यातही कर्ता कुठे असतो?