‘यौगिक चिकित्से’ची परिभाषा आणि मराठीतील देहवाचक प्रयोग

मनाच्या दैनंदिन दुखण्यांवर देहाच्या मार्गाने उपचार करण्याची कल्पना आज पुष्कळदा पाश्चात्त्य देशांतून आलेली म्हणून मांडली जाते. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात आपला ताणनिवारणाचा वर्ग १९७९ मध्ये सुरू केला. त्याच्या पंचावन्न वर्षे आधी, १९२४ मध्ये, मावळातील लोणावळे येथे जगन्नाथ गणेश गुणे उर्फ स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली व योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली. या लोणावळा-संप्रदायाचा चिकित्साविषयक विचार ‘योगिक थेरपी’ या इंग्रजी ग्रंथात एकत्र आला आहे. कुवलयानंद व डॉ. स. ल. विनेकर यांनी लिहिलेला हा ग्रंथ केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील उपचारांचे परीक्षण वैद्यकाने करावयाचे आहे. परंतु त्याच्या परिभाषेचे परीक्षण हे भाषाभ्यासाचे काम होय. या उपचारात औषधाची जागा बव्हंशी शब्दच घेतात, म्हणून ते काम गौण मानता येत नाही.

कुवलयानंदांना भाषेच्या प्रश्नाची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. ‘योगमीमांसा’ या त्यांच्या इंग्रजी नियतकालिकाचे शास्त्रीय, अर्धशास्त्रीय व लोकोपयोगी असे तीन विभाग होते. म्हणजे एकाच देहाविषयी तीन भाषांत बोलावे लागते, हे त्यांनी आरंभीच ओळखले होते. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणारा ऋण दाब त्यांनी मोजला आणि त्याला आपले गुरू माधवदास यांच्या नावावरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ असे नाव दिले. प्रयोगशाळा आणि गुरुपरंपरा यांचा असा सांधा एका संज्ञेत जुळवणारा मनुष्य शब्दांविषयी बेफिकीर असू शकत नाही.

‘योगिक थेरपी’मध्ये उपचाराची तीन अंगे सांगितली आहेत: योग्य मनोवृत्तींची जोपासना, स्नायू व ग्रंथी यांच्याशी निगडित मज्जासंस्थेचे ‘रिकंडिशनिंग’, आणि आहार व उत्सर्जन यांची व्यवस्था. मनोवृत्तीला येथे अग्रस्थान आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या पातंजल परंपरेवर हा विचार उभा आहे तिनेही मन व देह यांची फारकत केलेली नाही. चित्तविक्षेपाबरोबर येणाऱ्या गोष्टींत तिने दुःख आणि दौर्मनस्य यांच्याच पंक्तीला ‘अंगमेजयत्व’ व श्वास-प्रश्वासांची अस्थिरता बसविली आहे. ‘जनमेजय’ शब्दाप्रमाणेच ‘एज्’ म्हणजे कापणे या धातूपासून ‘अंगमेजय’ सिद्ध होतो. अंगाला कंप सुटणे हा त्याचा अर्थ. ही सर्व विक्षेपाची ‘सहभू’, म्हणजे त्याच्यासवे असणारी, होत. मनामुळे देह बिघडला की देहामुळे मन, हा वाद त्या एका शब्दाने बाजूला सारला आहे.

या पार्श्वभूमीवर ‘रिकंडिशनिंग’ हा शब्द खटकतो. बिघडलेली यंत्रणा बाहेरून कोणीतरी पूर्ववत करावी, असे चित्र तो उभे करतो. त्यात रुग्ण हा क्रियेचा विषय ठरतो. उलट आसनाचे मर्म म्हणून परंपरेने सांगितलेले ‘प्रयत्नशैथिल्य’ हे रुग्णाने स्वतःच अनुभवावयाचे असते, आणि तेही करून नव्हे, तर करणे थांबवून. सरकारी आरोग्यखात्याच्या वाचकासाठी पहिला शब्द सोयीचा होता, हे मान्य केले तरी ग्रंथाच्या गाभ्याशी दुसराच अधिक इमान राखतो.

मराठीतील रोजचे प्रयोग पाहिले असता हा भेद अधिक स्पष्ट होतो. ‘माझा जीव घाबरतो’, ‘पोटात गोळा येतो’, ‘हातपाय गळतात’, ‘छाती धडधडते’ या वाक्यांत घाबरणारा, गळणारा, धडधडणारा कर्ता ‘मी’ नाही. जीव, हातपाय, छाती हे कर्ते आहेत. बोलणारा फार तर षष्ठीने किंवा चतुर्थीने त्या वाक्यात येतो. ‘मी चिंताग्रस्त आहे’ या पुस्तकी वाक्यात मात्र माणूस आणि विकार एकरूप होतात. पहिल्या रचनेत दुखण्याकडे जरा दूर राहून पाहण्याची सोय आहे. आणि देहलक्षी उपचाराला आरंभी नेमकी तीच हवी असते.

‘ताण’ या शब्दाचा प्रवास याहून उद्बोधक आहे. संस्कृत ‘तन्’ धातूशी नाते सांगणारा हा शब्द दोरीला लागतो, स्नायूला लागतो आणि मनालाही लागतो. पश्चिमोत्तानासनात शिक्षक ‘पायांच्या मागच्या बाजूला ताण जाणवेल’ असे सांगतो, तेव्हा तो ताण इष्ट असतो. आणि समोरचा मनुष्य मात्र ताण घालविण्यासाठी आलेला असतो. ही द्व्यर्थता अडचणीची नसून उपकारक आहे, कारण स्नायूचा ताण येतो, जाणवतो व सुटतो, हे एकदा अनुभवले की मनाच्या ताणालाही तीच क्रियापदे लागू पडतील असा विश्वास बसू शकतो. याच्या विरुद्ध दिशेला आजच्या बोलीतील ‘ताण घेऊ नकोस’ हा प्रयोग जातो. ‘त्याला ताण आला’ यात तो सोसणारा आहे. ‘त्याने ताण घेतला’ यात तो कर्ता, म्हणून दोषीही आहे. धीर देण्यासाठी योजलेले वाक्य अशा रीतीने आरोपाचे रूप घेते.

आज्ञार्थाचेही तसेच आहे. ‘अंग सैल करा’ ही आज्ञा पाळण्यासाठी रुग्ण पुन्हा प्रयत्नच करतो. ‘अंग सैल होऊ द्या’ या रचनेत अनुज्ञा आहे, प्रयत्न नाही. एडमंड जेकबसन यांच्या १९२९ मधील स्नायुशैथिल्यविषयक ग्रंथातही विश्रांती म्हणजे प्रयत्नाचा अभाव, असाच आग्रह आहे. मराठीने तो ‘देणे’ या साहाय्यक क्रियापदात आधीच सामावून ठेवला आहे. ‘सजगता’ या रूढ होत चाललेल्या प्रतिशब्दाचा विचारही याच अंगाने व्हावा. पालीतील ‘सति’, म्हणजे स्मृती, हा बौद्ध भिक्षुजीवनातील मूलभूत शब्द. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी ज्या परंपरेची, तिचाच तो. इंग्रजीतून फिरून तो ‘सजगता’ होऊन परत आला, तेव्हा त्याला पहाऱ्याची छटा चिकटली. ज्याचे मन रात्रभर पहाराच देत आहे, त्याला ‘सजग राहा’ असे सांगणे हितकर नाही. ‘श्वासाचे भान असू द्या’ हे त्याला अधिक सुखाने समजेल.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. ‘जीव घाबरणे’ हे हृदयविकाराचेही लक्षण असू शकते. ‘नुसते डोके दुखते’ असे म्हणणाऱ्याच्या मागे गंभीर विषण्णता दडलेली असू शकते. बोलीची संदिग्धता वैद्याला परवडत नाही. निदानासाठी काटेकोर परिभाषा लागते. जेथे औषधोपचार व मनोविकारतज्ज्ञ आवश्यक आहेत तेथे आसन-प्राणायाम त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु निदानाची भाषा आणि उपचाराची भाषा एकच असली पाहिजे, असे यावरून सिद्ध होत नाही. ‘योगमीमांसे’तील विभागांची व्यवस्था याच विवेकाची साक्ष देते.

‘योगिक थेरपी’चे श्रेय मोठे आहे. अद्भुताच्या कक्षेतून योगाला तपासणीच्या कक्षेत आणण्याच्या कुवलयानंदांच्या दीर्घ उद्योगाला तिने चिकित्साशास्त्राची चौकट दिली. तिची उणीव एवढीच की, उपचार ज्याच्यावर होतो त्याचे बोलणे तिच्या परिभाषेत उमटत नाही. मराठीत अशा ग्रंथाची मांडणी करू इच्छिणाऱ्याने इंग्रजी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द शोधण्यापूर्वी रुग्णाची वाक्ये जशीच्या तशी नोंदवावीत, त्यांतील कर्ता कोण व सोसणारा कोण हे पाहावे, आणि मगच शब्द निवडावेत.