एकास बहात्तर : किती खरे?
खोक्यावर १:७२ छापले, की १७५ सेंमी उंचीचा सैनिक सुमारे २४ मिमी भरायला हवा. उंची बहुधा जुळते. गोम पुढे आहे. रायफलच्या नळीची जाडी १५ मिमी धरली, तर प्रतिकृतीत ती जेमतेम ०.२ मिमी येते. इतकी बारीक नळी साच्यात नीट उतरत नाही, उतरली तरी मोडते. म्हणून ती जाड करतात. ही तडजोड समजण्यासारखी आहे. पण युद्धखेळांतल्या २८ मिमीच्या ‘हिरोइक’ पुतळ्यांची डोकी आणि हात मुद्दामच मोठे असतात. प्रौढ माणसाची उंची डोक्याच्या साधारण साडेसातपट. इथे ते गुणोत्तर घसरते. रंगवायला हे सोयीचे, पण त्याला प्रमाणबद्ध म्हणू नये. पाठ्यपुस्तकातल्या सूर्यमालेच्या चित्रालाही हाच आक्षेप लागू आहे. मुलांच्या हाती पट्टी द्या आणि विचारा : काय मोठे केले, आणि का?