मागे गाणाऱ्यांकडे कान द्या

माळव्यात, इंदूर-भोपाळ रस्त्यावर, कालीसिंधच्या काठी वसलेल्या सोनकच्छच्या पंचक्रोशीत कबीर एकट्यानं गायचा नसतो. तंबुरा छेडत एकजण ओळ उचलतो, मागचे ती झेलतात आणि ढोलक, मंजिरा, करताल यांच्या संगतीनं रात्र चढत जाते. मराठी रसिकाला मात्र माळव्यातलं निर्गुणी भजन ठाऊक आहे ते एकाच गळ्यातलं. क्षयानं ग्रासलेले कुमार गंधर्व 1948 मध्ये हवापालटासाठी देवासला आले, आजारपणात त्यांच्या कानांवर इथलं लोकसंगीत पडत राहिलं आणि पुढे त्यांनी या भजनांना मैफलीत मानाचं स्थान दिलं. ते गाणं अजोडच. पण त्याच्या तेजात गावोगावची भजनी मंडळं झाकोळली, हेही खरं.

या मंडळांत दलित, विशेषतः बलाई समाजातले गायक मोठ्या संख्येनं आहेत. 1990 च्या दशकात ‘एकलव्य’ संस्थेनं देवासमध्ये कबीर भजन एवं विचार मंच चालवला. तिथे मंडळं रात्रभर गात आणि अर्थावरून वादही घालत. पुढे शबनम विरमानींच्या कबीरावरच्या माहितीपटांनी उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे प्रह्लादसिंग टिपानिया देशभर पोहोचवले. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, देवास जिल्ह्यातल्या कालूराम बामनियांना 2024 मध्ये. बक्षिसं, बातम्या, मुलाखती सगळ्या पुढच्या गायकाच्या वाट्याला. मागून ओळ झेलणाऱ्या, झील धरणाऱ्यांची नावं किती जणांना सांगता येतील?

वास्तविक या कलेचा कस लागतो तो झील धरण्यातच. टिपानियांच्या मंडळात व्हायोलिनसुद्धा असतं, आणि ते उपरं वाटत नाही; गळ्याच्या मागोमाग चालतं. मागचे आवाज ओळ उचलतात तेव्हा शब्द तुटत नाही, सगळ्यांचा श्वास एका जागी पडतो. पाश्चात्य वृंदगानातले चार स्वतंत्र स्वरपदर इथे नाहीत. चाल एकच, पण प्रत्येक गळा ती आपापल्या खरखरीसकट गातो.

असं एकत्र गाणं कसं ऐकावं, यासाठी जपानचं उदाहरण उपयोगी पडावं. मासाआकी सुझुकींनी 1990 मध्ये ‘बाख कॉलेजियम जपान’ हा गायन-वादनवृंद स्थापन केला आणि 1995 ते 2013 या काळात जर्मन संगीतकार बाखच्या चर्चसाठीच्या गायनरचना, म्हणजे कँटाटा, 55 खंडांत ध्वनिमुद्रित केल्या. जर्मन ही या वृंदातल्या बहुतेक गायकांची मातृभाषा नव्हे. तरीही युरोपातल्या जाणकारांनी त्यांची वाखाणणी केली ती उच्चारांच्या नेटकेपणासाठी आणि आवाजांच्या एकजिनसीपणासाठी. वृंदाला वृंद म्हणून ऐकायची सवय युरोपातल्या समीक्षेला आहे. आपल्याकडे ती अजून लागायची आहे.

ती नसल्याचा परिणाम दिसतोच. मोठ्या मंचांवर चांगला माइक मुख्य गायकापुढे, बाकीचे दोघातिघांत एक वाटून घेणारे. ढोलक इतका वर चढवलेला की झील ऐकूच येऊ नये. काही तरुण मंडळांनी ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आणलाय. लय धावते, शब्द मागे पडतो. (कबीरासारख्या वादपटूचा शब्द बुडवणं हा अपराध जरा मोठाच.) बायका गातात भरपूर, पण मंचावरच्या मंडळांत अजून तुरळकच दिसतात.

पुण्या-मुंबईच्या आयोजकांनी यापुढे माळव्यातला कबीर बोलावला, तर मंडळातल्या प्रत्येकाचं नाव पत्रिकेत छापावं, झील धरणाऱ्यांपुढे पुरेसे माइक ठेवावेत आणि मानधन मंडळात वाटलं जाईल असं पाहावं.